बुडाले तर कोणाचे?

हैदराबादेत नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनात, काश्मिरी शालींचे गाळे एका ओळीत लागतात. गेल्या खेपेला त्यांतल्या एका गाळ्यावर शालीचा भाव ठरायला लागला त्याहून जास्त वेळ पैसे द्यायला लागला. भाची न्यू जर्सीत वाढलेली. तिने सवयीने कार्ड दोन बोटांत धरून दुकानदारापुढे केलं. तिकडे हॉटेलातला वेटर कार्ड घेऊन आत जातो आणि घासून परत आणून देतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इथल्या पोराने कार्डाला हातही लावला नाही, मशीनच तिच्याकडे सरकवलं. कार्ड आत गेलं, मशीन थोडा वेळ घुटमळलं आणि पिन न विचारताच कागद बाहेर आला. खाली सहीसाठी एक रेघ.

"पिन नहीं डाला?"

"मावशी, या कार्डाला पिन नसतोच," भाची मला म्हणाली.

पोराने कागद उलटसुलट करून पाहिला. सही घ्यायला त्याच्याकडे पेनही नव्हतं. मग त्याने भाचीला सोडून मला विचारलं, "दीदी, ये पैसा आएगा क्या?" खात्री वाटेना म्हणून श्रीनगरला भावाला फोन लावला. भावाने नको सांगितलं. व्यवहार रद्द झाला, मी खांबाला चिकटवलेला क्यूआर स्कॅन केला, डब्याने रक्कम मोठ्याने जाहीर केली आणि शाल पिशवीत गेली. "मावशी, तुझ्याकडे व्हेन्मो आहे का गं?" भाचीने विचारलं. तिकडचं पैसे पाठवायचं ॲप ते; अर्थातच नव्हतं.

पोराचा प्रश्न मात्र नेमका होता. पैसा येईल का, आणि नाही आला तर बुडाला कोणाचा? दुकानदाराचा, बँकेचा की गिऱ्हाइकाचा? कार्डाच्या बाबतीत देशोदेशी जे वेगळे रिवाज दिसतात, ते वरवर तंत्रज्ञानाचे वाटतात. खोलात गेलं की बहुतेक वेळा या एका प्रश्नाचं त्या त्या देशाने दिलेलं उत्तर सापडतं. हे पाहायला नामपल्लीसारखी जागा शोधून सापडणार नाही, कारण चारदोन किलोमीटरच्या आत या गोष्टीचे बरेच धागे येऊन मिळतात.

नुमाइशीपासूनच सुरुवात करू. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी पब्लिक गार्डनमध्ये शंभर गाळे मांडून ती सुरू केली. संस्थानच्या आर्थिक पाहणीसाठी पैसा उभा करणं हा हेतू. पुढे ती नामपल्लीच्या आजच्या मैदानावर आली. १ जानेवारीपासून ४६ दिवस चालते. काश्मीर, लखनौ, खुर्जा, भदोही, कुठकुठचे व्यापारी दीड महिना इथे मुक्काम ठोकतात. पहिल्या नुमाइशीत व्यवहार झाला तो हाली सिक्क्यात. मराठवाड्यातल्या वाचकांना हाली आणि कलदार हा भेद आजी-आजोबांच्या तोंडून माहीत असेल. निजामाचे सात रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा, असा साधारण हिशेब. सोलापूरकडून संस्थानात शिरलं की खिशातला पैसा तोच, पण त्याची किंमत कोण मान्य करतो ते बदलायचं. भाचीच्या कार्डाचं याहून वेगळं काही झालं नाही.

कार्डाच्या इतिहासात अमेरिका आधी येते, आणि तिथे सुरुवातच उधळपट्टीने झाली. सप्टेंबर १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार लोकांना न मागता टपालाने कार्डं पाठवली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उधारी बुडाली, चोऱ्या झाल्या. पण लोकांना चटक लागली. पुढे केंद्रीय कायद्याने ठरवलं की चोरीच्या क्रेडिट कार्डावर काहीही झालं तरी गिऱ्हाइकाची जबाबदारी ५० डॉलरच्या वर जाणार नाही. उरलेलं बँकेने पाहावं. एकदा हे ठरल्यावर गिऱ्हाईक कशाला घाबरेल? त्याने कार्ड वेटरच्या हाती दिलं, सही कशीही मारली, तरी झोप शाबूत. बँकांनी चोर पकडायची यंत्रणा आपल्या घरात उभारली. देशभर फोन स्वस्त आणि मुबलक होते, तेव्हा दर व्यवहाराला बँकेला विचारून होकार घेणं परवडत होतं. १९७३मध्ये पुढे व्हिसा झालेल्या संस्थेने हे काम संगणकावर नेलं. कार्डाच्या पाठीवरची काळी चुंबकी पट्टी याच सोयीसाठी पुरेशी होती. ती पट्टी मुळात काही लपवत नाही. कॅसेटसारखी कोणीही वाचावी आणि उतरवून घ्यावी.

फ्रान्समध्ये उलटी परिस्थिती. तिथे फोन महाग. दुकानातून दर वेळी बँकेला विचारणं शक्य नव्हतं. म्हणून खरं-खोटं ओळखायची अक्कल कार्डातच घालायला हवी होती. रोलाँ मोरेनो यांनी १९७४मध्ये चिपचं पेटंट घेतलं, आणि १९९२पर्यंत फ्रान्समधलं प्रत्येक बँककार्ड चिपचं झालं. गिऱ्हाईक पिन टाकतं, चिप स्वतःच तो तपासते, बँकेला फोन करायची गरज नाही. पुढे युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तिघांनी मिळून जो चिपचा दंडक बनवला, तो जगभर गेला. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६पासून पिन सक्तीचा झाला. अमेरिका मात्र पट्टीवरच अडून राहिली. २०१३च्या अखेरीस टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली तेव्हा तिची झोप उडाली. १ ऑक्टोबर २०१५पासून नियम आला, की चिपचं कार्ड असूनही ज्या दुकानात चिप वाचायचं मशीन नाही, तिथल्या फसवणुकीचा भुर्दंड त्या दुकानदाराचा. सक्ती कोणी केली नाही. नुकसान कोणाच्या माथी हे बदललं, आणि दुकानदार मशीनं घ्यायला धावले. पिन मात्र तिकडे आला नाही. लोक पिन विसरतील आणि दुसऱ्या बँकेचं कार्ड काढतील, ही बँकांना धास्ती. २०१८मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीची अटही काढून टाकली.

आता नामपल्लीहून विधानसभेकडे चला. पुढे सैफाबादला आंध्र बँकेचं मुख्यालय होतं. पट्टाभी सीतारामय्यांनी मछलीपट्टणमला १९२३मध्ये काढलेली ही बँक २०२०मध्ये युनियन बँकेत विलीन झाली, पण भारतात क्रेडिट कार्ड आणणाऱ्या पहिल्या बँकांत तिचं नाव आहे. सेंट्रल बँकेने १९८०मध्ये, आंध्र बँकेने १९८१मध्ये. त्या काळात दुकानात लोखंडी पट्ट्याचं एक यंत्र असे. कार्डावरची उठावाची अक्षरं खाली, वर कार्बनची चळत, आणि दांडा खर्रकन इकडून तिकडे. दुकानदाराला एक मर्यादा दिलेली असे. तेवढ्यापर्यंत त्याने बँकेला न विचारता माल द्यावा. त्यावर गेलं तर फोन. शिवाय बुडव्या आणि चोरीच्या कार्डांचे नंबर छापलेली एक पुस्तिका येई, तिच्यात बोट फिरवून पाहायचं. फोन लागायला अर्धा तास लागे अशा देशात हा धंदा श्रीमंतांपुरता आणि मोठ्या दुकानांपुरताच राहिला, यात नवल नाही. आपण अमेरिकेची पद्धत उचलली, पण तिच्यामागचा स्वस्त फोन आपल्याकडे नव्हता.

आपली वाट वेगळी झाली ती याच परिसरात, मासाब टँकला. कॅसल हिल्सच्या टेकाडावर रिझर्व्ह बँकेने १९९६मध्ये एक संस्था स्थापन केली, आयडीआरबीटी, म्हणजे बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था. बाहेरून तिचा रुबाब एखाद्या कॉलेजाइतकाच. १९९९मध्ये तिने बँकांसाठी इन्फिनेट हे स्वतंत्र जाळं उभारलं. आणि २७ ऑगस्ट २००४ला तिथून नॅशनल फायनान्शिअल स्विच सुरू झाला. तोवर बहुतेक वेळा ज्या बँकेचं कार्ड, तिच्याच एटीएमपुढे रांग. स्विच आल्यावर एका बँकेच्या कार्डाने दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून सर्रास पैसे निघू लागले. सुरुवातीला बँका फक्त तीन: कॉर्पोरेशन बँक, बँक ऑफ बडोदा, आयसीआयसीआय. यंत्रात कार्ड घातलं की विचारणा या स्विचकडे येई. तो कार्ड कोणाचं ते ओळखून त्या बँकेकडे पाठवी, होकार परत आणी, आणि कोणी कोणाचं किती देणं लागतं याचा हिशेब लावून देई. १४ डिसेंबर २००९ला हा स्विच राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ताब्यात घेतला, तेव्हा त्यावर ३७ बँका आणि जवळजवळ ५० हजार एटीएम होती. रूपे कार्ड, यूपीआय हे सारं त्या एनपीसीआयचं पुढचं काम. रूपे २०१२चं, यूपीआय २०१६चं. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी महिन्याला २००० कोटींचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या गोष्टीची एक जुनी मुळी मासाब टँकच्या टेकाडावर आहे, हे हैदराबादेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी माणसांनाही ठाऊक नसतं. मी विचारून पाहिलं आहे.

यूपीआय आलं तरी कार्डाचा कारभार थांबला नाही, आणि त्यात रिझर्व्ह बँकेने घेतलेली भूमिका जगात उठून दिसते. १ ऑगस्ट २००९पासून इंटरनेटवरच्या व्यवहाराला कार्डावर न छापलेलं काहीतरी टाकणं बंधनकारक झालं. पुढे त्याचाच ओटीपी झाला. १ डिसेंबर २०१३पासून डेबिट कार्ड दुकानात घासलं तरी पिन. २०१८ सरेपर्यंत पट्टीची कार्डं बाद. अमेरिकन उबर कंपनी इथे आली तेव्हा तिचा मोठेपणा हाच होता, की गाडीतून उतरा आणि चालू लागा, पैसे आपोआप कापले जातील. व्यवहार परदेशातून फिरवल्यामुळे ओटीपी टळत होता. ऑगस्ट २०१४मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की भारतातल्या गाडीभाड्याला भारतातलाच नियम. त्याच वर्षी उबरला पेटीएमच्या वॉलेटचा आधार घ्यावा लागला. मला हा निर्णय तेव्हा आडमुठा वाटला नव्हता, आताही वाटत नाही. मात्र त्याची किंमत कोण मोजतो, याबद्दल पुढे बोलायचं आहे.

२०२०मध्ये आणखी एक नियम आला. नवं कार्ड हाती येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन, परदेश आणि टॅप हे आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन उघडायचं. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना हे बहुधा तिकडच्या पहिल्या दुकानात कळतं. चालू करायला ओटीपी लागतो, ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, आणि रोमिंग घेतलेलं नसतं. दुसरी फजिती पेट्रोलपंपावर. तिकडे बहुतेक पंपांवर माणूस नसतो. मशीन कार्ड घेतं आणि झिप कोड विचारतं, म्हणजे बिल ज्या पत्त्यावर येतं तिथला पाच आकडी क्रमांक. हा त्यांचा ओटीपी म्हणा. चोराला कार्ड सापडेल, पण घराचा पत्ता माहीत नसेल, एवढीच अटकळ. आपला पिनकोड सहा आकडी. काका पंपावर उभे राहून ४११०३० टाकतात आणि मशीन नकार देतं. मग आत जाऊन काउंटरवर आधी वीस डॉलर द्यायचे आणि तेवढं पेट्रोल भरायचं.

बाकीच्या देशांच्याही आपापल्या तऱ्हा. जर्मनीत कित्येक वर्षं दुकानदार कार्डावरून फक्त खातेक्रमांक वाचून घेत, कागदावर सही घेत आणि पैसे खात्यातून वळते करून मागत. बँकेचा होकार नाही, म्हणून बँकेचा आकारही कमी; खात्यात पैसे नसले तर नुकसान दुकानदाराचं. त्याने ते जाणून घेतलेलं. जपानमध्ये कार्ड दिलं की गल्ल्यावरची बाई विचारते, किती हप्ते? ब्राझीलमध्ये चपलांचा जोडही दहा हप्त्यांत मिळतो. तिथे महागाई बेफाम होती तेव्हा पुढच्या तारखांचे धनादेश देण्याची चाल होती, कार्डाने ती जशीच्या तशी उचलली. लंडनच्या बसमध्ये २०१२च्या डिसेंबरपासून आणि भुयारी रेल्वेत २०१४पासून टॅपचं बँककार्ड टेकवून आत जाता येतं. फाटक अर्ध्या सेकंदात उघडायला हवं, तेवढ्यात बँकेला विचारणं होत नाही. त्यामुळे पहिली खेप विश्वासावर. रात्री हिशेब लागतो आणि कार्ड खोटं निघालं तर त्याचं नाव काळ्या यादीत. नामपल्लीच्या मेट्रो स्टेशनवर मात्र आधी पैसे भरलेलं कार्ड किंवा क्यूआरचं तिकीट. फुकट्याची एक खेपही सोसायची आपली तयारी नाही, असं म्हणता येईल. किंवा दिवसाला किती फुकटे निघतील याचा अंदाज आपल्याला जास्त चांगला आहे, असंही.

बुडण्याशिवाय दुसरा खर्च आहे तो कमिशनचा. आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये मोबाइल घ्यायला गेलात तर भाव ठरल्यावर शेवटी येतंच: "कार्ड पे दो परसेंट ज्यादा लगता." हे दोन टक्के काही हवेतले नाहीत. दर व्यवहारामागे बँक दुकानदाराकडून जो आकार घेते, त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, आणि त्यातूनच तुमचे रिवॉर्ड पॉइंट येतात. म्हणजे दुकानदार तुमच्या विमानतळावरच्या फुकट जेवणाचे पैसे भरतो आणि ते रोखीने घेणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या भावात मिसळतो. युरोपने २०१५च्या डिसेंबरपासून बँकेच्या त्या वाट्यावर मर्यादा घातली: डेबिटला ०.२ टक्के, क्रेडिटला ०.३. ब्रिटनने २०१८पासून ग्राहकाकडून असा जादा आकार घ्यायलाच बंदी केली. आपल्याकडे १ जानेवारी २०२०पासून रूपे डेबिट आणि यूपीआयला आकार शून्य. खांबावर चिकटवलेला कागद कार्डाच्या मशीनला भारी पडला तो इथे. मशीनला महिन्याचं भाडं, कागदाला जवळजवळ काही नाही. दीड महिन्यासाठी आलेल्या व्यापाऱ्याला तर मशीनच्या भाड्यापेक्षाही परदेशी कार्डाची धास्ती मोठी. ते घ्यायला बँकेची वेगळी परवानगी लागते, आणि गिऱ्हाइकाने न्यू जर्सीला परतून "हा व्यवहार मी केलाच नाही" म्हटलं तर पैसे परत ओढले जातात. तोवर नुमाइश उठलेली आणि शाल विमानात. श्रीनगरच्या भावाने नको म्हटलं ते अडाणीपणाने नव्हे.

यूपीआयला परदेशातल्या माणसासाठी वाटा काढल्या गेल्या आहेत. २०२३मध्ये अमेरिकेसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरांना ते जोडायची सोय झाली, पण इथे अनिवासी भारतीयाचं खातं हवं. भाचीचं नाही. फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वॉलेट आहे. जी-२०च्या वेळी ते विमानतळांवर सुरू झालं. नुमाइशीत ते वापरताना मला अजून कोणी दिसलेलं नाही.

नामपल्लीतच, पब्लिक गार्डनला लागून हज हाउस आहे. यात्रेच्या मोसमात तेलंगणाभरचे यात्रेकरू इथून निघतात. वर्षानुवर्षं हज समितीकडून प्रत्येकाला २१०० रियाल रोख मिळत, आधी भरलेल्या रकमेतूनच. २०२३मध्ये ही सक्ती उठली. रियाल आपापले घ्या, हवं तर फॉरेक्स कार्ड घ्या, असं झालं. कागदावर हे शहाणपणाचं आहे. चाळीस दिवस खिशात रोकड बाळगण्यापेक्षा कार्ड बरं. पण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सत्तरीच्या बाईला पिन नावाची गोष्ट लक्षात ठेवायची असते. ती तो चिठ्ठीवर लिहून कार्डासोबतच बटव्यात ठेवते. ते कार्ड चोरीला गेलं तर बँकेच्या दृष्टीने दोष तिचाच.

पिन आणि ओटीपीची किंमत मी म्हणत होते ती ही. ब्रिटनमध्ये पिन आल्यावर बँका तक्रारदारांना सांगू लागल्या, की ज्या अर्थी पिन बरोबर टाकला गेला, त्या अर्थी तो तुम्ही दिलात किंवा निष्काळजीपणे ठेवलात. २०१०मध्ये केंब्रिजच्या रॉस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चोरलेल्या चिपकार्डावर पिन माहीत नसतानाही व्यवहार करता येतो, आणि मशीनच्या पावतीवर मात्र पिन तपासल्याचं येतं. यंत्र साक्ष देतं, आणि साक्ष खोटी असू शकते. आपल्याकडे ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारी वाटून दिली. दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याला शून्य भुर्दंड. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. मात्र पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः कोणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. ओटीपी काढून घेण्यासाठीच ज्यांनी कॉल सेंटरं थाटली आहेत, त्यांच्यापुढे एकटा निवृत्त शिक्षक उभा, आणि फसला की "दिलात कशाला?" अमेरिकेत हाच माणूस बँकेला फोन करून "व्यवहार माझा नाही" म्हणाला असता आणि पहिल्या फेरीत तरी पैसे त्याच्या बिलातून निघाले असते. तिथे संशयाचा फायदा गिऱ्हाइकाला आणि तोटा बँकेला नाहीतर दुकानदाराला. इथे दुकानदार सुरक्षित आणि गिऱ्हाईक एकटं. शालवाला आणि भाची दोघेही आपापल्या देशात शहाणे होते ते यामुळे.

सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने या बाबतीत नवे निर्देश काढले. लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. दोन पायऱ्यांची ओळख कायम, पण दुसरी पायरी एसएमएसचा ओटीपीच असली पाहिजे असं नाही. आणि बँकेने हे निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर ते बँकेने विनातक्रार पूर्ण भरून द्यायचं. बँकेने निर्देश पाळले आणि तरीही माणूस फसला, तर पुन्हा २०१७चंच परिपत्रक काढून बसायचं.